पट्टी सोडणारा हात

पेंबा बेट, आफ्रिका
९ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप आईस गुरुदासचा इथूनच पाय धरून नमस्कार. अक्का वाचून दाखवीत असेलच.

मी खुशाल आहे. इथेही मिठबावसारखेच माड, मासळीही ताजी.

इथल्या डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून सहा महिन्यांसाठी आलो, दीड वर्ष झालं. इथली रीत अशी, की डोळ्यावर पट्टी ज्या डॉक्टराने बांधली त्यानेच ती सोडायची. मला न्यायला येणारी बोट नवे रोगी घेऊनच येते. त्यांची ऑपरेशनं मीच करतो, आणि त्यांच्या पट्ट्या सुटेपर्यंत ती निघून गेलेली असते.

तुझा मोतीबिंदू पिकला म्हणे. आणि तू म्हणतेस, "माझ्या झिलाशिवाय कोणाक डोळ्याक हात लावूक देऊचंय नाय." आई, तू तरी ही रीत धरू नकोस. अक्काबरोबर बेळगावला जा, तिथल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घे.

पट्टी सुटेल तेव्हा समोर मी नसेन. त्या दिवशी रडू नकोस, जखम ओली असते.

तुझा झील,
गुरुदास