दाराआडून उतरवलेलं वादन

४ ऑक्टोबर १७३१, गुरुवार

तिसऱ्या पानावर शाईचा थेंब पडला. अख्खं पान पुन्हा लिहिलं. वाळू टाकून टिपलं असतं तर भागलं असतं, पण मला चैन पडलं नसतं.

आज फजिती झाली. दरबाराचे इटालियन व्हायोलिनवाले तार्विसी यांचं जुनं पान फाटत आलंय, म्हणून त्यांच्या रचनेतल्या संथ भागाची नवी प्रत करायला मिळाली. दरबारात ड्यूकसाहेब त्यांच्याकडे मागतात तो हाच. बघतो तर सगळा मिळून एका पानाचा! लांब लांब सूर, मध्ये नुसती मोकळी जागा. वाजवतात तेव्हा तर सुरांचा पाऊस असतो. वाटलं, लिहिताना विसरले असतील. दोनदा पडताळलं आणि भीत भीत विचारलं, ‘‘सिन्योर, यात काही सूर राहिलेत का?’’

तालमीतले सगळे हसले. सनईसारखा ओबो वाजवणारे फ्रेंच मोर्वां तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

तार्विसी हसले नाहीत. म्हणाले, ‘‘हे बघ शाईवाल्या. मोर्वांसारखा फ्रेंच माणूस जेवायला बोलावतो तेव्हा मीठ किती घ्यायचं तेही लिहून ठेवतो. तुम्ही जर्मन, घास किती वेळा चावायचा ते लिहिता. आम्ही फक्त ताट मांडतो.’’

सुरांच्या मधल्या हरकती ज्याच्या त्यानं घालायच्या, आज एक, उद्या दुसरी. ते लिहायचं नसतं, म्हणाले. लिहिलं की मेलं.

पान होतं तसंच उतरवलं. मोकळी जागा मोकळी ठेवली. हाताला फार जड गेलं.

११ ऑक्टोबर

दरबाराचे संगीतप्रमुख हेन्निके यांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

म्हणाले, तार्विसींची बोटं थंडीत आखडतात. उद्या ते आजारी पडले तर ड्यूकसाहेबांना काय ऐकवायचं? कोरं पान? तू गुरुवारी त्यांच्या सरावाच्या वेळी शेजारच्या खोलीत बस. वाजवतील ते सगळं लिहून घे. सूर अन् सूर. त्यांना कळता कामा नये.

मी म्हणालो, ते लिहायचं नसतं असं त्यांनीच सांगितलंय.

‘‘तू लेखनिक आहेस की पाद्री?’’ हेन्निके म्हणाले. मग जरा मऊ झाले. नाताळापर्यंत मला कायम करून घेण्याचं बोलले.

कायम! लॅटिन शाळा दुसऱ्या वर्षी सुटली तेव्हापासून लोक मला ‘तो हंगामी’ म्हणतात. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. विचार करायला एक दिवस तरी मागायला हवा होता.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

बसलो. नशिबानं मधलं दार बोटभर उघडं होतं. एरवी वारा येतो म्हणून तार्विसी स्वतः उठून लावतात आणि कडीही घालतात. आज विसरले असावेत.

आणखी एक नशीब. वाजवणं आज फार सावकाश होतं. प्रत्येक ओळ दोनदा, आणि दोन्ही वेळा तीच मुरकी, तीच तान! एरवी त्यांचं एक वाजवणं दुसऱ्यासारखं नसतं. वय झालं, दुसरं काय. मला मात्र सोयीचं झालं. अर्धं उतरलं.

खाडाखोड फक्त चार ठिकाणी.

२५ ऑक्टोबर

उरलेलं अर्धंही झालं. अकराव्या मापात, म्हणजे तालाच्या अकराव्या घरात, त्यांचं बोट घसरलं, एक सूर खाली गेला. त्यांनी तो तसाच वळवून घेतला. चूक लिहावी की सुधारावी, बराच वेळ ठरेना. शेवटी वाजलं तसंच लिहिलं. सुधारणारा मी कोण?

२९ ऑक्टोबर

स्वच्छ प्रत पूर्ण. कच्चे कागद शेगडीत टाकले. खाडाखोड शून्य. दुपारभर बघत बसलो. इतकं सुंदर पान माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

हेन्निकेंना दिलं. त्यांनी तिथल्या तिथे ते रायनहोल्टच्या हातात ठेवलं. रायनहोल्ट दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला, माझ्याच वयाचा. कागदावर असेल ते काहीही वाजवतो. कागद काढून घेतला तर एक सूर सुचत नाही की आठवत नाही.

मला वाटलं होतं ते पान कपाटात राहील. आजारपणाच्या वेळेसाठी. तसंच बोलणं झालं होतं ना? की मीच तसं धरून चाललो?

२२ नोव्हेंबर

ड्यूकसाहेबांचा वाढदिवस. हेन्निकेंनी संथ भागासाठी रायनहोल्टला उभं केलं. तार्विसींना दुसऱ्या रांगेत बसवलं. आयत्या वेळी, सगळ्यांसमोर.

रायनहोल्टनं एकही सूर चुकवला नाही. अकराव्या मापातलं ते घसरलेलं बोटसुद्धा! मी कागद धरायला शेजारीच उभा होतो. तार्विसींनी त्या जागी मान वर केली. रायनहोल्टकडे नाही, पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

ड्यूकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना फरक कळला नाही.

बाहेर जिन्यात मोर्वां सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की आता जर्मनांनी म्हाताऱ्याचा उसासाही कागदावरच्या पाच रेघांत बसवला, उद्या शिंक बसवतील. तार्विसी माझ्याजवळून गेले. एवढंच म्हणाले, ‘‘अक्षर सुंदर आहे तुझं.’’

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

२९ नोव्हेंबर

तार्विसींना निरोप मिळाला. बावीस वर्षांची चाकरी, आणि निरोप हेन्निकेंच्या नोकराकरवी! इटालियन माणसाचं वाजवणं आता कागदावर आहे, मग इटालियन माणूस कशाला, असं हेन्निके कुणाला तरी सांगत होते.

त्याच नोकरानं माझं पत्रही आणलं. कायम झालो. दोन्ही पत्रं माझ्याच अक्षरात. नावांची जागा कोरी ठेवून मागच्या आठवड्यात माझ्याकडूनच लिहून घेतली होती.

६ डिसेंबर

तार्विसी गेले. दक्षिणेला जाणाऱ्या मालाच्या घोडागाडीवर बसून, पिंपांच्या मध्ये. व्हायोलिन कोटाच्या आत, अंगाशी धरलेलं. बहिणीकडे जाणार, डोंगरापलीकडे. रस्ता या दिवसांत वाईट असतो.

मोर्वांनी त्यांना स्वतःचे लोकरीचे मोजे दिले. मी पावाची पिशवी घेऊन गेलो होतो. दूर उभा राहिलो. त्यांनीच हाक मारली.

माफी मागायची म्हणून चार वाक्यं पाठ केली होती. पहिलंच वाक्य अडखळलं. त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, ‘‘कागद जपून ठेव, शाईवाल्या. कागदाला थंडी वाजत नाही.’’

टोमणाच होता. तो मला लागायलाच हवा होता. पिशवी हातातच राहिली.

१० डिसेंबर

ते पान जाळलं.

भर दुपारी, नकलखान्याच्या शेगडीत. रायनहोल्टनं प्रत कपाटात परत ठेवली होती, किल्ली माझ्याकडे असते. आधी वाटलं, नुसती लपवावी. पण लपवलेलं सापडतं. त्यांनी सांगितलं होतं, लिहिलं की मेलं. मग ते लिहिलेलं राहूच नये. एवढं एक तरी त्यांचं त्यांना परत.

चांगला कागद होता. लवकर पेटला नाही.

हेन्निकेंना सांगितलं, उंदरांनी खाल्लं. ते म्हणाले, ‘‘सगळं कपाट सोडून उंदरांना इटालियनच बरं आवडलं.’’ संशय आलाच त्यांना. पण सिद्ध काय करणार? नवीन प्रत कर म्हणाले. म्हणालो, माझ्या लक्षात नाही. ते खरंच होतं. त्यांना ते खोटं वाटलं.

१७ जानेवारी १७३२

रायनहोल्टनं कोऱ्या पानावरून वाजवलं. लांब लांब सूर, आणि मध्ये काही नाही. ड्यूकसाहेबांनी जांभई दिली. हा तुकडा आता कार्यक्रमातून गेला.

दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवलो. वाटलं, थोडी तरी फेड झाली.

३ मार्च

मोर्वां सांगत होते, तार्विसी सुखरूप पोचले म्हणे. तब्येतीचं काही कळलं नाही. पत्र लिहायला घेतलं. सात वेळा सुरुवात केली. अक्षर चांगलं येत होतं, मजकूर येत नव्हता.

२२ एप्रिल

गाडीवाल्यानं पत्र आणलं. तार्विसींनी सांगितलेलं, तिथल्या पाद्र्यानं जर्मनमध्ये लिहिलेलं. तसंच उतरवून ठेवतो.

‘‘शाईवाल्या, प्रवासातल्या थंडीत डाव्या हाताची बोटं कामातून गेली. आता वळत नाहीत. भाचीला तो संथ भाग शिकवायचा आहे, पोरीचा हात चांगला आहे. पण मला तो आठवत नाही. तो बोटांतच होता. लिहायचं नसतं असं मी चारचौघांत बोललो. इटालियन माणूस चारचौघांत दुसरं काय बोलणार? बावीस वर्षांत कुणी लिहून घेतलं नाही. तू पहिला. कोऱ्या जागेबद्दल विचारलंस, तेव्हाच वाटलं, पोराला आवडलंय; मग शेजारच्या खोलीत तुझी चाहूल लागली, वाटलं, स्वतःसाठी उतरवतोय. म्हणून दार मी उघडं ठेवलं. तुझा हात सावकाश चालतो, म्हणून दोनदा वाजवलं. पुढे त्याचं काय झालं, त्यात तुझा किती वाटा, ते मी विचारत नाही. निघताना जपून ठेव म्हटलं होतंच. प्रत याच गाडीवाल्याबरोबर पाठव.’’

गाडीवाला उद्या सकाळी निघणार.

नवा कागद घेतला. पाच रेघा आखल्या. लांब सूर लिहिले, ते सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मधलं आठवत नाही. दोन गुरुवार मी तिथे बसलो आणि ऐकलं काहीच नाही, फक्त लिहिलं.

एकच जागा भरता आली. अकरावं माप, जिथे बोट घसरलं होतं.