दगडांवर उभी गाडी

अल-खोबर
जुम्मा, १५ फेब्रुवारी १९९१

प्रिय खतीजाआपास, धाकट्या नूरुद्दीनचा सलाम.

तुझा निरोप येऊन महिना होत आला आणि मी आज उत्तर लिहायला बसलो, याची माफी कर. इराकशी लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात तू ट्रकवाल्या मुआजकडून सांगून पाठवलंस, "सगळे जेद्द्याला निघून या, घर तुमचंच आहे." मी चौथी शिकलेला, पत्र लिहायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पण कारण ते नाही. फोनही केला होता दोनदा. दोन्ही वेळा तुझ्या मियाँनीच, दुल्हेभाईंनी, उचलला. त्यांचं "हॅलो, कौन?" ऐकलं आणि ठेवून दिला.

इकडे सगळे बरे आहेत. जुनैदची नोकरी चालू आहे. बदरुन्निसाने विषारी गॅसच्या भीतीने खिडक्यांच्या फटी टेपने बंद केल्यात. सून म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. नात उमामाची शाळा बंद. सायरन झाला की ती सहा वर्षांची पोर स्वतः टॉवेल भिजवून न्हाणीच्या दाराखाली लावते आणि मला ओरडते, "दादा, कम फास्ट!" मग वर कुठेतरी धडाम होतं आणि काचा थरथरतात. तुझे गुडघे कसे आहेत? इथे थंडी आहे, तिथे नसेल.

आम्ही आलो नाही, कारण गाडीचे ब्रेक गेले होते. हे खोटं नाही. पुढच्या चाकांचे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं, डिस्कवर नखाएवढ्या खाचा पडलेल्या. गॅरेजं बंद. जुनैदला आठवड्याची रजा मिळाली होती, कफील मालकाने प्रवासाचा कागदही दिला. तो म्हणाला, "अब्बा, घरीच बदलाल ना?" मी म्हटलं, "एका दुपारचं काम." गाडी जॅकवर घेतली, खाली दगड लावले, चाकं काढून भिंतीला टेकवली. सामान दम्मामहून यायचं होतं. ते काही लवकर येईना.

आपा, हे मी फिरवून लिहितोय. सामान आलं होतं. चाकं काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते दुकानातून आणलं आणि माझ्या खाटेखाली, बॅगांच्या मागे सारून ठेवलं.

तुला ईदचं जेवण आठवत असेल. तुमच्या जेद्द्यातल्या बलदच्या घरी आम्ही सगळे बसलो होतो. दुल्हेभाई सुनेदेखत म्हणाले, "नूरुद्दीनच्या हाती गाडी देऊ नका रे! गाडी दगडांवर आणि हा गाडीखाली. पोरगा कमावतो, बाप सावलीत झोपतो!" सगळे हसले. उमामासुद्धा हसली. मी ताटातच हात धुतले आणि म्हणालो, या घराचा जिना पुन्हा चढणार नाही. तू दारापर्यंत मागे आलीस. मी वळून बघितलं नाही.

तो जिना मला नडला. रोज सकाळी वाटायचं, आज बसवून टाकू. मग डोळ्यांपुढे यायचं की आम्ही बोचकी घेऊन खाली उभे आहोत आणि दुल्हेभाई वरून विचारताहेत, "काय रे, भीती वाटली तेव्हा घर आठवलं?" की पाना परत खाली ठेवायचो. संध्याकाळी जुनैद विचारायचा, "अब्बा, आलं?" मी म्हणायचो, "नाही रे." तो म्हणायचा, "खलास, ठीक आहे, मग उद्या." असं करता करता त्याची रजा संपली. नंतर कंपनीने सगळ्यांच्याच रजा बंद केल्या. आता त्याला खोबर सोडता येत नाही.

परवा सायरन झाला. उमामाची चप्पल माझ्या खाटेखाली गेली, ती काढायला बदरुन्निसा वाकली. सगळं शांत झाल्यावर तिने खोकी बाहेर ओढली.

"अब्बा, हे कधी आलं?"

"काल."

तिने खोक्यावरून बोट फिरवलं. धुळीत रेघ उमटली. ते बोट तिने ओढणीला पुसलं. तेवढ्यात जुनैद आला, तर त्याला म्हणाली, "बघा, सामान आलं. कालच आलंय."

दुसऱ्या दिवशी जुनैद कामावर गेल्यावर आम्ही दोघांनी गाडी केली. मी पॅड धरणारा कॅलिपर सोडून तारेने वर टांगला, तिने हातोडी दिली. गंजून बसलेली डिस्क ठोकून काढली. नवीला तेल लावलेलं असतं, ते तिने पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढलं, भांडं घासावं तसं. दोन्ही चाकं झाली. मग तिला आत बसवून म्हटलं, पेडल दाब.

"खालीच जातंय, अब्बा."

"दाबत राहा. घट्ट लागेपर्यंत."

ती दाबत राहिली. समोर बघतच म्हणाली, "खतीजाफुप्पूंकडे जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतं. मला नाही जायचं, असं मीच म्हटलं असतं."

संध्याकाळी जुनैदने गल्लीत गाडी फिरवून आणली. खूश झाला. म्हणाला, "मस्त लागतात ब्रेक! तुम्ही जिवाला लावून घेऊ नका अब्बा, सामानच उशिरा आलं, तुम्ही काय करणार?" मी जेवण अर्धवट टाकून उठलो.

येत्या बुधवारी फजरच्या नमाजनंतर मी दोघींना घेऊन निघतोय. रियाधवरही बॉम्ब पडताहेत, म्हणून बुरैद्यावरून येऊ. आता कशासाठीही थांबणार नाही. जुनैद इथे एकटा राहील. सायरन झाला की टॉवेल त्यालाच भिजवावा लागेल.

हे पत्र दुल्हेभाईंना वाचून दाखव. त्यांना हसायचं तेवढं हसू दे. जिन्यावर उभं राहून बोलायचं ते बोलू दे, मी खाली मान घालून ऐकेन. फक्त सूनबाईला आणि उमामाला आत घ्या. मला वर बोलावलंत तर पाणी पिईन. नाही तर खालूनच गाडी वळवून जुनैदकडे परत येईन. खरं काय ते त्याला समोर बसून सांगायचं आहे. आज धीर झाला नाही.

हे पत्र आणणारा मुआज मंगळवारी तिथून परत निघेल असं म्हणतो, पण त्याचा भरवसा नको, तू फोनच कर. लवकर कळव आपा. दार उघडं आहे एवढं जरी म्हणालीस तरी पुरे. चाकं चढवली आहेत, दगड मी लांब टाकून आलो.

तुझ्या भाच्याला मागे ठेवणारा,
तुझा नूरू