जांभळ्या पट्ट्यातलं बिऱ्हाड

शिरूर,
रविवार, सकाळचा पहिला चहा झाल्यावर

ती. दाजी यांना सतीशचा सविनय जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, इकडं सगळे सुखरूप आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की तो अजून कपाटावर तसाच? रेल्वे यार्डातल्या खडीवरून चालायचं म्हणजे गुडघ्याला सुट्टी नाहीच, पण निदान जिने तरी टाळा. अक्काची साखर आटोक्यात असेल (म्हणजे ती तसं सांगत असेल). सम्राटला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षासाठी माझे आशीर्वाद सांगा. फोनच केला असता, पण तुमच्याकडं फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे आणि यातलं काही अक्काच्या कानावर इतक्यात जायला नको. म्हणून हे पाकीट तेजश्रीच्या हाती देतोय. ती आमच्या छपाईच्या मशिनवर असते, तुमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीतलीच. आज सुट्टीची घरी येतेय. पाकीट फक्त तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय.

तर दाजी, गेल्या दोन महिन्यांत इथं जे झालं ते सविस्तर सांगतो. आपला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना माझ्या नावावर आहे आणि तो सुरेखा चालवते, हे तुम्हाला माहीतच आहे. (मी गिऱ्हाइकांशी बोलतो. तेही न बोललेलं बरं, असं तिचं मत आहे.) दिवाळीनंतर या भागाचा नवीन विकास आराखडा आला. नकाशात कारखान्यांची जमीन जांभळी, राहायची पिवळी, शेतीची हिरवी. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना नुसता जांभळा रंग. म्हणजे तिथं कारखाने वाटेल तेवढे काढा, पण कामगाराला राहायला एक खोली बांधायची म्हटलं तरी परवानगी नाही. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. आमच्या उद्योजक संघाचा मी सचिव, त्यामुळं संघाचं म्हणणं लिहून सुनावणीत मांडायची जबाबदारी माझ्यावर आली.

संघाची बैठक पोपटरावांच्या शेडमध्ये झाली. पोपटराव केंदूरचे, मोठे बागायतदार, ट्रॉल्या बनवायचा कारखाना टाकलाय, संघाचे अध्यक्ष आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारे. त्यांचं मत असं की जांभळा पट्टा आहे त्याहून वाढवून मागायचा. एकदा घरं आली की घरातले लोक आवाजाची तक्रार करणार, धुराची करणार, मग नगरसेवक येणार, मग पाण्याची लाइन आधी त्यांना. कारखानदारानं कामगाराच्या झोपेची काळजी कशाला करायची, असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. भजी गरम होती, मुद्दाही बरा वाटला. मी त्याच सुरात चार पानं लिहून काढली आणि कौतुकानं सुरेखाला वाचायला दिली.

तिनं वाचली, घडी घातली आणि एवढंच विचारलं की दुसऱ्या पाळीच्या पोरी काम सोडून का जातायत हे तुम्हाला ठाऊक आहे का. मी म्हटलं, हल्लीच्या मुलांना टिकून राहायची सवय नाही. त्यावर ती म्हणाली की एक दिवस दौंडहून कामगारांच्या गाडीनं कामाला या, मग ही चार पानं खुशाल द्या.

दाजी, मागच्या महिन्यात मी अचानक तुमच्याकडं मुक्कामाला आलो, सम्राटची फार आठवण येते म्हणालो, आणि अक्कानं कौतुकानं पुरणपोळी केली, त्यामागं हे होतं. सकाळी तुम्ही ड्यूटीला जायच्या आधी मी गुपचूप बाहेर पडलो. गाडी आली. मालक चढलाय म्हणून कोणी उठून जागा देईल अशी माझी एक भाबडी समजूत होती. त्या आठवड्यात पहिल्या पाळीला असलेली तेजश्री म्हणाली, "सर, मागं टायरवरची शीट रिकामी हाय. पण तिथं कुणी बसत न्हाई." का बसत नाही ते पहिल्या खड्ड्याला कळलं. गाडी गावागावात फिरून माणसं गोळा करत गेली, मग उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत गेली, आणि न्हावऱ्याच्या पुढं तिच्या इंजिनाचा पट्टा तुटला. रस्त्याच्या कडेला पोरींनी डबे सोडले. मलाही ठेचा-भाकरी दिली. तिथं उभं राहून मी विचारलं की शिरूरात खोली का घेत नाही. तेजश्री शांतपणे बोलली. खोली बघेपर्यंत सगळं गोड असतं म्हणाली. एकट्या पोरींना देत नाहीत, आणि एखाद्यानं दिलीच तर आडनाव विचारतो. आडनाव ऐकलं की तीच खोली कालच कोणीतरी घेतलेली असते. कारखान्याजवळ पत्र्याच्या चाळी आहेत, पण त्या विनापरवाना, कधी पाडतील भरवसा नाही. दुसरी पाळी करून घरी पोचेपर्यंत वडील स्टँडवर उभे असतात, त्यांना आता ते झेपत नाही, म्हणून त्या महिन्याअखेर ती काम सोडणार होती. छपाईच्या मशिनवर तिच्याइतका हात बसलेलं माणूस आमच्याकडं दुसरं नाही. ती गेली असती तर दुसरी पाळी बंद, आणि दुसरी पाळी बंद म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बंद. पण खरं सांगतो, त्या वेळी गिऱ्हाईक आठवलं नाही. अंगठ्याच्या मशिनवर मी उशिरा पोचलो म्हणून सुरेखानं माझी अर्धी हजेरी कापली, तेव्हा मात्र ते आठवलं.

सुनावणीच्या दिवशी काय पराक्रम झाला ते ऐका. नकाशा नीट दिसावा म्हणून मी तो आपल्याच कारखान्याच्या भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि कारखान्यातल्या एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून, तो हातात धरून निघालो. (सुरेखा रिक्षानं पुढं गेली होती, कारण तिला वारा दिसतो.) मार्केट यार्डाच्या फाटकापाशी वाऱ्यानं असा काही झोत मारला की पुठ्ठा हातातून सुटला आणि कांद्याच्या ट्रॉलीवर जाऊन पडला. ट्रॉलीवाल्या बाबांनी तो उचलला, बराच वेळ बघितला, स्वतःचं शेत शोधून काढलं, आणि ते जांभळं का केलं म्हणून मलाच धारेवर धरलं. मी सरकारी माणूस नाही हे पटवता पटवता मला घाम फुटला. सभागृहात पोचलो तेव्हा आमच्या संघाचं नाव पुकारून झालं होतं आणि माझ्या जागी सुरेखा उभी होती. पोपटराव पहिल्या रांगेत हातांची घडी घालून बसले होते. चार पानं माझ्या खिशात. तिच्या हातात काहीच नव्हतं.

ती म्हणाली, "साहेब, आमच्या रस्त्याचा थोडा जांभळा काढून पिवळा करून द्या."

नगररचनेचे साहेब चष्म्यावरून बघायला लागले. ते म्हणाले की कारखानदार सहसा उलटं मागतात. सुरेखा म्हणाली, "मशिनरी मी बँकेकडून आणते, ती रात्री कारखान्यातच थांबते. ती चालवणारी पोरगी मात्र झोपायला दौंडला जाते. तिथून ती थकून येते आणि एक दिवस येतच नाही. शेड बांधायला जमीन मिळते, कामगार मिळत नाही. मग त्या जमिनीचा मी काय उपयोग करू?" आणि पुढं म्हणाली, "दौंडला बघा. रेल्वेनं माणसं आणली तर त्यांच्यासाठी कॉलनी बांधली, शाळा बांधली, दवाखाना बांधला. आमच्या दाजींची अख्खी नोकरी त्या क्वार्टरात गेली. त्यांनी कधी कामावर दांडी मारली नाही." (दाजी, तुमचं नाव सरकारी कामकाजात गेलंय. गेल्या वर्षीच्या मॅचच्या दिवसाबद्दल मी तोंड उघडलं नाही.)

पोपटराव उठले. घरं झाली की तक्रारी होणार, हा आपला मुद्दा त्यांनी ठासून मांडला. सुरेखानं तो मान्य केला. म्हणून तर ती म्हणत होती की घरं आत्ताच नकाशात धरा, मधे झाडांचा पट्टा ठेवा, पाण्याची लाइन दोघांना वेगळी काढा. नाहीतर घरं होणारच आहेत, फक्त ती पत्र्याची होतील आणि कारखान्याच्या भिंतीला टेकून होतील. मग तक्रार कोण कोणाची करणार? साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यानं माझं आयुष्य पालटलं. आराखडा मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर या मुली कुठं राहतील?

"आमच्या घरी, वरच्या मजल्यावर," ती म्हणाली.

दाजी, सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. 'आमच्या घरी' म्हणजे मी राहतो त्याच घरी, हे मला टाळ्या संपल्यावर कळलं.

पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला तो लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता. (लग्नाच्या दिवशी मला बूट चावत होते.) तिनं कोणाला कमी लेखलं नाही, कोणावर आवाज चढवला नाही, आणि धंद्याचं गणित माणसाच्या बाजूनं मांडून दाखवलं. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः जागा बघायला आले. आमच्या रस्त्याचा एक तुकडा राहण्यासाठी सोडायची शिफारस करतो म्हणाले. मंजुरी अजून व्हायचीय, पण शिफारस लेखी गेलीय. आणि पोपटराव? तेही एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, माझ्या आठ पोरांनी ह्या महिन्यात काम सोडलं. त्या नगररचनेच्या सायबांना सांगा, माझी रस्त्याकडची जिमीन पिवळी करायला माझी हरकत न्हाई. आन् आडनाव इचारनार न्हाई, हे पन लिहा." दाजी, त्यांच्या तोंडून हे येणं सोपं नव्हतं. सुरेखानं त्यांना पुन्हा चहा दिला. मी बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

आमचा पोरगा पुण्याला शिकायला गेल्यापासून वरचा मजला तसा रिकामाच होता. आता तिथं तेजश्री आणि तिच्या मैत्रिणी राहतात. त्यांच्या घरच्यांनी एकच अट घातली की बाईंनी (म्हणजे सुरेखानं) स्वतः मुलींबरोबर वर झोपावं. बाई वर झोपतात. तेजश्रीनं काम सोडलं नाही, दुसरी पाळी भरून चालते, माल वेळेवर जातो. अंगणात इतके रंगीत कपडे वाळत असतात की पोस्टमननं परवा विचारलं, घरात लग्न आहे का. घर असं भरलेलं बघून मला खरंच बरं वाटतं.

असो. बाकी सर्व क्षेम. सम्राटला भरपूर अभ्यास कर म्हणावं, आणि तुम्ही गुडघा सांभाळा. चूकभूल पोटात घाला.

तुमचाच,
सतीश

ता. क. : वर मी 'बरं वाटतं' असं लिहिलंय ते खरं आहे, पण ते दिवसाचं आहे. आमच्या झोपायच्या खोलीत मुलींच्या पेट्या लागल्यात, म्हणून मी सध्या खाली हॉलमध्ये झोपतो, आणि मुलींचं जेवणखाणही त्याच हॉलमध्ये होतं. दुसरी पाळी जेवून उठते तोवर पहिल्या पाळीचा चहा सुरू होतो. बाथरूमच्या रांगेत माझा नंबर शेवटचा असतो, कारण मी मालक आहे आणि मला हजेरीची घाई नाही, असं ठरलंय.

ता. क. दुसरा : तेव्हा दाजी, मूळ मुद्दा. काही दिवस तुमच्याकडं राहायला येऊ का? क्वार्टरच्या पुढच्या खोलीतली लोखंडी खाट मला पुरे. रोज सकाळी दौंडहून कारखान्यात येईन. अक्काला कारण विचारू देऊ नका. हवापालट म्हणा. तिच्या हातचं जेवण मिळेल हाही एक भाग आहे, पण तो मुख्य नाही.

ता. क. तिसरा (हे अक्षर सुरेखाचं आहे) : दाजी, जयभीम. पाकीट बंद करायला चिकटपट्टी हवी म्हणून हे माझ्याकडंच आले. ह्यांना जरूर ठेवून घ्या, त्यांची झोप नीट होत नाही हे मलाही दिसतंय. फक्त एक सांगायचं राहिलं. मुलींच्या जेवणाचं सगळं बघायला मला घरातलं, विश्वासाचं माणूस हवं होतं. परवा अक्कांशी बोलले. इतकी वर्षं फक्त घरचंच रांधलं, आता पगारावर रांधून बघते म्हणाल्या. खालची लहान खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतलीय, त्या मंगळवारी येतायत. तुम्हाला त्या आज संध्याकाळी सांगणार आहेत, तेव्हा जरा आश्चर्य वाटल्यासारखं करा. ह्यांना डाळ-भात लावता येतो. तुम्हाला काय येतं ते कळवा.