खडूच्या वजनाची गोळी

कार्तिक व. ३, शके १८६०. झरी.
भाची सुभद्रा पेडगावहून बाळंतपणाला आली. आठवा महिना. वय एकोणीस, दिसते तिशीची. पाया पडली अन् हळूच विचारले, "मामा, अहिफेन आहे ना घरात?" अफूला हे संस्कृत नाव मीच दिलेले, ती पाच वर्षांची असताना, चारचौघांत बरे दिसावे म्हणून. काशीत बारा वर्षे घोकले, त्याचा घराला झालेला उपयोग तो एवढाच.

कार्तिक व. ५
सु.ची रोजची गोळी हरभऱ्याएवढी. सासरी कुणाला ठाऊक नाही म्हणते. इथूनच, आईच्या डबीतून जायची. "लेकरू व्हायच्या आत सोडायचीय, मामा. एकदम सोडली की हातपाय वळायलेत."
तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. विधवा झाल्यापासून माझ्याकडेच. चुलीपाशी बसून ऐकत होती. तिची स्वतःची गोळी वीस वर्षांची. परभणीच्या दुकानातून दर महिन्याला आणणारा मी.

कार्तिक व. ८
वैद्यांकडून ऐकलेला जुना उपाय. गोळीच्या वजनाचा खडूचा तुकडा घ्यायचा. रोज गोळी त्याच्याशी तोलायची, अन् त्याच खडूने पाटीवर एक ओळ लिहायची. खडू झिजतो, त्याच्यामागे गोळी. सोनाराचा काटा मागून आणला. पहिल्या दिवशी सु.ने अख्खा उखाणा लिहिला, नवऱ्याच्या नावासकट. अक्षर अजून तसेच, वेलांट्या बदकाच्या मानेसारख्या. लहानपणी मांडीवर बसवून गिरवून घेतलेले.

मार्गशीर्ष शु. २
आज पाटीवर नुसते 'श्री'.
"सूत्रकार झालीस की गं."
"हात कापायलेत मामा, अन् तुम्हाला विनोद सुचायलेत."
खरे आहे. साप्ताहिकाला बातमीपत्र धाडले. पीकपाणी, हिवताप, कापसाचा भाव. घरची बातमी छापण्याजोगी नाही.

मार्गशीर्ष शु. ९
थंडी. सबंध दुपार आमचे जुने गाव चारठाणा आठवत राहिले. लहानपणी देवळाच्या खांबांत लपाछपी. आक्का नेहमी सापडायची, कारण तिला हसू आवरत नसे. खांबामागून आधी हसू यायचे, मग वेणी. तशी हसणारी दुसरी पोर पंचक्रोशीत नव्हती.
मानमोडीच्या साथीत आठ दिवसांत तिचे दोन्ही मुलगे गेले. थोरला चार वर्षांचा, धाकटा पाळण्यातला. रडत होते, रडत होते, मग गप्प झाले. पुढल्या साली सु. झाली, अन् पाठोपाठ आक्का विधवा होऊन माझ्याकडे आली. सु. रडली की आक्काला कापरे भरायचे. मग एकाच डबीतून आईला गोळी, लेकीला नखाभर. घर शांत झाले. मी त्या शांततेत व्याकरण वाचीत बसलो. फार चांगले वाचन झाले त्या वर्षांत.

मार्गशीर्ष व. ४
दहा दिवस पाटी रोज भरते, पण खडू काट्यावर तेवढाच. सु.वर ओरडलो. आक्का मध्ये आली.
"तिला नको बोलू. खडू मी बदलायलेय, रोज सकाळी. हाल बघवंनात तिचे."
"अगं पण…"
"मीबी सोडून बघितली होती एकदा. तू तुळजापूरला गेला होतास. चार दिवस निभावलं. हात धरायला कुणी नव्हतं रे."
मला हे ठाऊक नव्हते. येताना मीच नवी पुडी आणली असणार.
सु. म्हणाली, "मग आता माझा धर की."
नवा तुकडा कापला. ह्या खेपेला काटा आक्काच्या हाती दिला.

पौष शु. ६
मुलगी झाली. सुखरूप. सु.ची गोळी मुगावर आलेली.

पौष शु. ८
पोर अखंड रडते. हातपाय थरथरतात. सुईण काशीबाई म्हणाली, "पोटातच सवय लागलीया लेकराला. नखाभर चाटवा, निजंल. समद्या घरी देत्यात." तिला चहा पाजून वाटेला लावले. सु. पोरीला छातीशी आवळून बसली. आक्का गोठ्यात, कानांत बोटे.

पौष शु. ११
संस्कृत कानावर पडले तर गप्प राहील म्हणून पोरीला खांद्यावर टाकून राम शब्द चालवला. चतुर्थीपर्यंत ऐकले, पंचमीला टाहो. माझ्या विद्वत्तेवर इतके स्पष्ट मत काशीतही कुणी दिले नव्हते.
तिला पाळण्यात ठेवून हात धुऊन येतो तो आक्का वाकलेली, करंगळीचे नख काळे. सु.ने बाजेवरून झेप घेऊन मनगट धरले.
"आई, रडू दे तिला."
"रडत रडत गेली म्हंजे?"
वीस वर्षांत आक्काने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटले.
"रडायलीय म्हंजे आहे ना ती, आई."
मी दारात, ओले हात घेऊन.

माघ व. २
थरथर गेली. आता रडते ती भुकेने, चारचौघींसारखी. सु. तिळावर. दोन दिवस तर बिनगोळीची गेली, तिसऱ्या दिवशी मागितली. दिली. आक्काची गोळी अर्ध्यावर आलीय. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. डबी बोलली.

फाल्गुन शु. ५
सु.चे थोरले दीर न्यायला आले. भला माणूस. "सुगी आहे, घरात हात कमी पडायलेत." पोर रडत होती. सु. म्हणाली, भावजी, हिला काही चाटवायचं नाही, घरी सांगा. ते हसले. "अगं सुभद्रा, काळजी कशाला? आमच्या घरात लेकरू रडल्याचं ऐकलंय का कुणी कधी?" अभिमानाने म्हणाले.
सु.ने माझ्याकडे बघितले. मी पान लावीत होतो, लावीत राहिलो. मग म्हणालो, महिनाभर राहू द्या. ते म्हणाले, शास्त्रीबुवा, तुम्ही जाणते, सुगीत असं कसं जमंल?

फाल्गुन शु. ६
सकाळी गेली. तिचे पाय धड पडत होते, हात स्थिर होते. गाडी हलताच पोरीने गळा काढला. आक्का अंगणात उभी, दोन्ही हात खाली. कान झाकले नाहीत. वेशीपर्यंत ऐकू येत होते, पांदीच्या वाटेवरही. ओढा उतरताना रडणे थांबले.
अंगावर घेतले असेल.
आक्का म्हणाली, "अंगावर घेतलं असंल ना रे?"