बदकांचा सिनेमा आणि जावळाचा बोकड

जळगाव
माघातला बुधवार

तीर्थस्वरूप तानुअक्कांच्या चरणी धाकटा भाऊ जीवरामचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात वाकवत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) तुमचा खोकला आता कसा आहे? ओव्याची पुरचुंडी सोबत पाठवली आहे, ती वास घ्यायला आहे, भाजीत घालायला नाही. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. अक्का, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी ‘हॅलो अक्का’ एवढं म्हणतो, पुढचं सगळं तुम्ही बोलता, माझ्या वतीने ‘बरं’ही तुम्हीच म्हणता आणि ठेवून देता. पत्राला मधेच अडवता येत नाही. तुमच्याकडचा भटू पिकअप घेऊन गावाकडे परत निघालाय, त्याच्याच हाती देतो आहे. घरात जो कोणी वाचून दाखवील त्याला सांगा, कंसातलं गाळायचं नाही.

तक्रार आमच्या सूनबाईंची, म्हणजे सारिकाची आहे. (मुलगी तुम्ही पसंत केली होती, म्हणून तक्रारही तुमच्याच दारात.) झालं असं की आमची नात मोहिनी दुसरीत गेल्यापासून जेवताना हट्ट करते, आणि बाळाला भरवायचं तर हिला कुठेतरी गुंतवावं लागतं. सारिकाने टीव्हीवर कार्टूनचा एक सिनेमा लावून दिला. चित्रावर पिवळीधम्मक बदकं होती, कोणालाही वाटेल की पोरांचंच आहे. मी चहा घेऊन सहज बसलो आणि चहा तसाच गार झाला. एका बर्फाळ मुलखात शेतावर बदकं असतात. दर सणाला त्यांतलं एक नाहीसं होतं. पिल्लं विचारतात कुठे गेलं, तर म्हातारं बदक सांगतं, मोठ्या तळ्यावर गेलं, तिथे खूप मजा असते. एक पिल्लू ते तळं शोधायला निघतं आणि त्याला कोठीमागे पिसांचा ढीग सापडतो. बर्फावर लाल डाग, अक्का, आणि पाठीमागे सारंगीसारखं काहीतरी रडतंय. मी उठून टीव्ही बंद केला आणि जाहीर केलं की असली जनावरांची मारामारी आणि रक्तपात या घरात लहान मुलांसमोर चालणार नाही. सारिका म्हणाली, आबा, तिला शेवट तरी बघू द्या, अर्धवट तोडलं तर ती जास्त घाबरेल. मी म्हणालो, कोवळ्या मनावर काय परिणाम होईल. ती म्हणाली, मुलांना सगळं कळतं, आपणच न कळल्यासारखं करतो. भूषणने (तुमचा भाचा) आईचं (सुनंदा मधे पडलीच नव्हती), बायकोचं आणि माझं असं तिघांचंही बरोबर असल्याचं सांगितलं आणि कामावर निघून गेला. शेवटी न्यायनिवाड्यासाठी शेजारच्या रतिलाल गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, शेवटी उपरण्याने डोळे पुसले आणि निकाल दिला की हा सिनेमा साठीच्या पुढच्या माणसांनी बघू नये. मुलांबद्दल ते काही बोललेच नाहीत. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि रविवारी तिकडे देवीपुढे बाळाचं जाऊळ आहे.

आता बोकडाकडे येतो. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, डॉक्टर नजर चुकवून बोलत होते, तेव्हा तुम्ही तिकडे देवीसमोर पदर पसरून म्हणालात, “मना भाऊना नातू वाचू दे माय, तुले बोकड देसू.” बाळ वाचलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. तुम्ही बोकड घरी वाढवलात आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे, ज्या घरचा नवस त्या घरचा दाणा त्याच्या पोटात गेला पाहिजे, म्हणून महिनाभर आधी भटूबरोबर आमच्याकडे पाठवून दिलात. रीत चांगलीच आहे. पण रीत ज्यांनी घातली त्यांच्या वाड्यावस्त्यांत बोकड म्हणजे बोकड होता. इथे कॉलनीत तो मोहिनीच्या हाती लागला. पहिल्याच दिवशी त्याने भुईमुगाच्या शेंगा टरफलांसकट खाल्ल्या म्हणून तिने त्याचं नाव ‘शेंगा’ ठेवलं. मग त्याच्या गळ्यात तिच्या वेणीची लाल रिबीन आली. शाळेत काढलेलं हत्तीचं चित्र त्याने खाल्लं तर तिने बाईंना जाऊन सांगितलं की शेंगाला चित्र आवडलं. सुनंदा तिला दोनदा ओरडली की त्याला फार लळा लावू नको, आणि ‘का’ म्हणून विचारल्यावर पोळ्या करपतील म्हणून आत गेली. (त्या दिवशी भाकरी होती.) आणि मी, ज्याने बदकांच्या पायी टीव्ही बंद केला, रोज सकाळी त्याच हाताने बोकडाला दादर ज्वारीची कणसं घालत होतो आणि अंग धरतोय म्हणून खूश होत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही, खोटं कशाला सांगू.

तो आला त्या दिवशी मोहिनीने विचारलं होतं, हा कशाला आलाय. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, पाहुणा आहे, बाळाच्या जावळाला आलाय. परवा सोमवारी तिने विचारलं, मग परत कधी जाणार. मी म्हणालो, जाऊळ झालं की अक्काआजीच्या शेतावर, तिथे केवढं मोठं रान आहे, चाराच चारा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी अगदी त्या म्हाताऱ्या बदकाच्या आवाजात बोलतो आहे. सारिका दारात उभी होती, तिने मान खाली घातली. मोहिनीने त्याची रिबीन सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली, एवढंच.

काल, म्हणजे मंगळवारी, ती शाळेतून आली, दप्तर ओट्यावर टाकलं, आणि मी पेपर वाचून मान वर केली तेव्हा ओट्यावर फक्त दप्तर होतं. भटू जावळाचं सामान न्यायला आदल्या दिवशीच आमच्याकडे आला होता. तो मागच्या अंगणातून आला आणि म्हणाला, “आबा, पोर नही शे. बोकडबी नही शे.” अक्का, त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. सुनंदा शेजारच्या प्रत्येक दारात जाऊन विचारत होती आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुढच्या दारात. सारिका बाळाला कडेवर घेऊन अनवाणी रस्त्यावर. भूषण पाइपाच्या कारखान्यातून गाडी दामटत आला आणि मला म्हणाला, तुम्ही घरात होतात ना. एवढंच म्हणाला. मी डाळमिलच्या मागची गल्ली पाहिली, रेल्वेच्या रुळाकडचा रस्ता पाहिला, ट्रक चालले होते, आणि प्रत्येक ट्रकच्या चाकाखाली आधी बघायचो आणि मग वर. गुडघा दुखतो हे मी विसरून गेलो होतो. एका रिक्षावाल्याने सांगितलं की लाल रिबिनीचा बोकड एका मुलीला ओढत मेहरूण तलावाकडे जाताना दिसला. तलाव म्हटल्यावर मी तसाच पायी तिकडे पळत सुटलो. भटूने मला उचलून पिकअपमध्ये बसवलं.

ती काठावर होती. पाण्यापासून लांब, दगडावर, आणि शेंगा शेजारी उभा राहून कोणीतरी टाकलेल्या केळीच्या साली खात होता. मी रागावणार होतो, हात उगारायचंही मनात होतं. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, “आबा, मी पूर्ण तलाव बघितला. इथे कोणीच नाही.”

मी तिच्याजवळ बसलो. भटू समजूतदार, तो चाकातली हवा बघायला गेला. (चाकात हवा भरपूर होती.) मग मी सांगितलं, सगळं. बोकड कशाला आणलाय, नवस म्हणजे काय, रविवारी काय होणार आहे. शब्द गोड करायचे प्रयत्न केले नाहीत, कारण ती डोळ्यांत बघत होती आणि मला सुचतही नव्हते. ती रडली नाही, शेंगाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने विचारलं की तुम्ही खाणार का. मला, अक्का, मटणाची पहिली वाटी ताटात पडली नाही तर त्या दिवसाला सण न मानणाऱ्या माणसाला तिने हे विचारलं. मी नाही म्हणालो.

तर तात्पर्य हे की मुळात त्या सिनेमामुळे घोळ झाला. तो पाहिला नसता तर पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला असता आणि रविवार सुरळीत पार पडला असता. म्हणून घरातलं वडीलधारं माणूस या नात्याने तुम्ही सारिकाला दोन खडे शब्द लिहून कळवावेत की जनावरांच्या असल्या भेसूर गोष्टी मुलांना दाखवायच्या नाहीत. तुमचं ती ऐकते. माझं ऐकून घेते, एवढंच.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
जीवराम

ता.क. वरचं सारिकाला लिहायचं राहू द्या. पत्र वाचून बघितलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. मग मोहिनीबरोबर बसून तो सिनेमा पूर्ण पाहिला. पिसांच्या ढिगापाशी मी डोळे मिटले, आणि उघडायला हरकत नाही असं तिने मला सांगितलं तेव्हाच उघडले. ते पिल्लू परत येऊन बाकीच्या पिल्लांना सगळं खरं सांगतं आणि मग सगळी एकमेकांना चिकटून झोपतात, असा शेवट आहे. मी बंद केला नसता तर तिने तो तेव्हाच पाहिला असता.

आणखी ता.क. आपल्या लहानपणी शिवारात देवीच्या नावाने सोडलेला एक बोकड फिरायचा, कानाला खाच, कपाळाला गुलाल, कोणाच्याही शेतात शिरला तरी कोणी हाकलत नसे. तसा सोडलेला चालतो का? मी विचारतो आहे, सांगत नाही. नवस तुमचा आहे आणि त्यात आमचं बाळ वाचलं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर रविवारी मी स्वतः बोकड घेऊन येईन, मोहिनीलाही आणीन, आणि तिच्याशी खोटं बोलणार नाही.

शेवटचा ता.क. तलावावरची एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मी खाणार नाही म्हणालो त्यानंतर तिने विचारलं, “शेंगाला नाही दिलं तर देवी बाळाला परत घेऊन जाईल का?” मी म्हणालो, अक्काआजीला विचारतो. शेंगाला घेऊन ती पळाली खरी, पण निम्म्या वाटेपासून तिला बाळाचीच भीती वाटत होती, हे तिने मग सांगितलं. कालपासून ती दिवसातून कितीदा तरी पाळण्यापाशी जाते, बाळाच्या नाकासमोर बोट धरते आणि बोटाला श्वास जाणवला की बाहेर येते. बोकडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण हे पत्र वाचून झालं की लगेच फोन करा आणि बाळाला काही होत नाही, एवढं तिला तुमच्या तोंडाने सांगा. नवस तुम्ही बोललात, तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाचं तिला पटणार नाही. मी स्पीकर चालू करून ठेवीन. ती बाहेर आली की मी आत जाऊन तसंच बोट धरतो, म्हणून मलाही ऐकायचं आहे.