मोठ्या बाबांचा नवा आवाज

मुकुंदवाडी, रविवार

आदरणीय मोठ्या आईस,

करुणाचा सप्रेम जय भीम. गुडघे कसे आहेत? उन्हाचं बाजारात जाऊ नको. (जातेस, हे मला माहीत आहे.) फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू "बरं बाई, राहू दे" म्हणालीस की मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो. तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

तर, मोठ्या बाबांच्या गाण्याच्या कॅसेटी मी जयंती मंडळाच्या आकाशला दिल्या. तुला न विचारता दिल्या, हे आधीच लिहून टाकते. त्यावरून तो कॉम्प्युटरकडून त्यांचा हुबेहूब आवाज तयार करून घेणार होता. चार वर्षांपूर्वी गेलेले मोठे बाबा यंदा जयंतीला नवं भीमगीत गाणार, म्हणून सगळी गल्ली खूश. घरात पहिली शिकलेली मी, त्यांची नात, म्हणून संमतीचा कागद माझ्यापुढे आला. मी तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि त्या नादात सही करून बसले.

मोठे बाबा गायले खरे. पण भीमगीत संपलं आणि त्याच आवाजात पैठण रोडच्या प्लॉटांची जाहिरात सुरू! (मंडप प्लॉटवाल्यानं दिला होता. बदल्यात जाहिरात, हे कागदात लिहिलेलं होतं. त्यातली वेलांटी मीच सुधारली होती.) ज्या माणसानं उभ्या आयुष्यात भीमगीतांशिवाय काही गायलं नाही, कुणाच्या वरातीतसुद्धा नाही, तो "बारमाही पाणी, चोवीस तास लाइट" गात होता. शिवाय कॅसेटमध्ये ते दर कडव्याला ढोलकीवाल्या फकिराभाऊंवर खेकसतात ना, मशीन नेमकं तेही शिकलं. ऐन प्लॉटांत आवाज आला, "फकिऱ्या, हळू!" पुढच्या खुर्चीतले फकिराभाऊ ताडकन उठले. "आता तं ढोलकी बी नाय माझ्याकडं! मेल्यावर बी माझीच चूक व्हय रं, कडुबा?" मंडप हसून लोटपोट झाला. मीही हसले आणि घरी येऊन जेवले नाही.

आकाश म्हणतो, "ताई, आवाज तर जिवंत राहिला ना?" राहिला. पण नको म्हणणारा माणूस राहिला नाही, त्याचं काय?

तुझी,
करुणा

ता. क. माझी सही त्या एकाच कार्यक्रमापुरती होती. प्लॉटवाल्याला आणखी गाणी हवीत, त्यासाठी तुझी लागते. आकाश गुरुवारी पेढे घेऊन येईल. पेढे घे, सही करू नको. मला त्याला नाही म्हणता येत नाही, तुला येतं.

आणखी एक ता. क. कुठल्याशा कॅसेटच्या शेवटी मोठे बाबा "मुक्ता, च्या टाक" म्हणाले होते. आता गाणं संपलं की मशीनही आपोआप तेच म्हणतं. ते तुझं आहे, म्हणून आकाशसमोर बसून पुसायला लावलं. प्रत कुठंही ठेवलेली नाही.

शेवटचा ता. क. प्रत एक आहे, माझ्या फोनमध्ये. पुसू, का शनिवारच्या गाडीनं घेऊन येऊ?