डाव्या पायाचा फोटो

६ जानेवारी १९८६
सकाळपासून तो एप्रिल आठवतोय. परीक्षा संपली आणि कॉन्व्हेंटच्या फाटकाशीच कुसुमच्या डाव्या बुटाचा पट्टा तुटला. धाकटी बहीण, लागली रडायला. माझा डावा तिला दिला. सदर बाजारापासून घरापर्यंत डांबर तापलेलं. मी लंगडी घालतेय, ती हसतेय. डाव्या तळव्याला फोड आले. किती भाजलं होतं!
गेल्या दिवाळीत त्याच तळव्यात, अंगठ्याखाली, चपलेचा खिळा दिवसभर रुतला, तर पत्ताच नाही. कामवाली रखमाच ओरडली, "बाई, चप्पल रक्तानं भरली, अन् तुमी तशाच फिरून राहिल्या!"
मधुमेहाने पाय मुका केला. जखम भरली. ताप मात्र उतरत नाही.

९ जाने.
एक्स-रेत काही नाही. डॉ. म्हणतात, आत हाडात पू लपलेला असावा. अंगठ्यातच असेल तर अंगठा काढून भागेल. नसेल तर...
किरणांचं औषध टोचायचं. पू असेल तिथे ते जमतं, मग यंत्राने फोटो. औषध मुंबईहून यायचंय.

१३ जाने.
टोचलं. सुई कळली. दंडाला अजून कळतं. लहान मुलांना दोन दिवस जवळ घ्यायचं नाही. कुसुमने तिच्या नातीला दारातच धरून ठेवलं.
रखमा : "म्हंजे बाई आता अंधारात चमकन का वं?"
कु. : "चमकू दे. लाइट गेले की ताईलेच बसवू मधोमध."
फार दिवसांनी हसलो तिघी.

१६ जाने.
तासभर यंत्राखाली. "पाय हलवू नका." हलला तर मला थोडाच कळणार!

१७ जाने.
अंगठा स्वच्छ. मी हात जोडले, तोवर डॉ.नी फोटोवरचं बोट मागे सरकवलं. टाचेत काळा डाग, पार घोट्यापर्यंत. त्यांनी टाच दाबली.
"दुखतं?"
"नाही."
टाच खरवडून भागेल की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, ते उघडल्यावरच कळेल. सही दिली. कु. बाहेर जाऊन रडली. मला ऐकू आलं.

२० जाने.
उद्या सकाळी ऑपरेशन.
शिवणयंत्र रखमाला. कधीपासून बघते त्याच्याकडे, मागत नाही. लोकरी शालही तिलाच.
कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दिलेली जपमाळ कु.च्या नातीला. खेळली तरी चालेल.
सदरहून आणलेल्या नव्या चपला, अजून न घातलेल्या. उजवी माझ्या खाटेखाली राहू दे. डावी कु.ने घेऊन जावी. लागली तर मागून घेईन.